हनीफभाईंची जपानी

सुप्याच्या एका जपानी कारखान्यात दुभाषी म्हणून माझी निवड झाली, तेव्हा पहिल्या दिवशी मला न्यायला नगरला गाडी आली होती. पांढरी, धुतलेली, आत फिनेलचा नाही तर भाजक्या शेंगदाण्यांचा वास. चालक पन्नाशीचा. आखूड पिकलेली दाढी, इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर घडी घातलेला नॅपकिन. मी दार उघडून बसले तसा तो मागे न बघता, आरशात बघून म्हणाला,

"ओहायो गोझाइमास."

पुण्यात तीन वर्षं जपानी शिकून, परीक्षा देऊन, प्रमाणपत्र फाईलला लावून मी निघाले होते. नगरच्या रस्त्यावर सकाळी साडेसातला कुणी आपल्याला जपानीत शुभप्रभात म्हणेल हे मला अपेक्षित नव्हतं. मी लांबलचक, अदबशीर वाक्यात उत्तर दिलं. मी कुठली, काय शिकले, यापुढे आपली कृपा असू द्यावी, असं सगळं. तो मधे मधे मान हलवत "हाई, हाई" म्हणत होता. केडगाव मागे पडल्यावर त्याने सांगितलं,

"मॅडम, तुमी काय म्हनला ते मला कळलं न्हाई. पन जपानी मानूस बोलत आसला की मधी मधी हाई, म्हंजे व्हय, म्हनायचं आसतं. न्हाई म्हनलं तर त्याला वाटतं, ह्यो झोपला."

ते हनीफ तांबोळी. मूळचे पारनेरचे. कारखाना यायच्या आधी सुपा-पारनेर रस्त्यावर जीप चालवायचे. कारखाना आला, जपानी साहेब आले, त्यांना ने-आण करायला ठेकेदाराने गाड्या लावल्या आणि त्यांतली एक हनीफभाईंकडे आली. याहून जास्त चरित्र मला माहीत नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्यांची जपानी मात्र मी जवळून पाहिली. ती एका शाळकरी वहीत होती, देवनागरीत आणि पेन्सिलने. पेन्सिल का, तर "शब्द सुधारावा लागतो." वहीचे तीन भाग केलेले होते: रस्ता, पोट आणि मान. रस्त्यात उजवं, डावं, सरळ, थांबा, हळू. पोटात पाणी, भूक, दुखणं, संडास. मानात नमस्कार, आभार आणि माफी. यापलीकडचा शब्द ते घेत नसत. एका साहेबाने त्यांना फुलपाखराला जपानीत काय म्हणतात ते सांगितलं, तर हनीफभाई म्हणाले, "ते आपल्या गाडीत कवा बसनार?"

शब्द लक्षात ठेवायच्या त्यांच्या रीती होत्या आणि त्या कुठल्याच पुस्तकात नव्हत्या. हिदारी म्हणजे डावं. त्यांच्या घरात शिरताना माजघराचं दार डाव्या हाताला होतं, म्हणून 'ही दारी'. आतामा म्हणजे डोकं, कारण आत्मा डोक्यात असतो. ओनाका म्हणजे पोट, आणि इथे सावध राहायचं, "नाक न्हाई, पोट." फोनवर मोशी मोशी म्हणायचं, कारण पुणे-नाशिक रस्त्यावर मोशी गाव आहे, तेच दोनदा. बाहेर पडताना जपानी माणूस जे 'इत्ते किमास' म्हणतो ते त्यांना पहिल्याच दिवशी पाठ झालं होतं. "आपल्यातबी 'जातो' म्हनत न्हाईत, 'जाऊन येतो' म्हनतात. ह्यांच्यातबी तसंच हाय. ह्यात शिकायचं काय?" मला हा शब्द शिकवताना पुण्याच्या वर्गात पाऊण तास गेला होता.

साहेबांना ते नावापुढे 'सान' लावून वर 'साहेब'ही म्हणत. मोरितासानसाहेब. सान म्हणजेच साहेब, दोन्ही कशाला, असं मी एकदा म्हटलं. "मान दोनदा दिला तर काय बिघडतंय?" ते म्हणाले.

मोरितासान यंत्रांच्या जुळणीचे मुख्य इंजिनियर होते. साठीला आलेले, किरकोळ, गप्प. गाडीत बसले की खिडकीतून शेतं बघायचे आणि हनीफभाई गाडी चालवायचे. दोघांत बोलणं जवळजवळ नसे. गाडीच्या कप्प्यात गुळाचे खडे आणि शेंगदाणे असत. चार वाजले की हनीफभाई मागे न बघता पुडी मागे करत, मोरितासान दोन दाणे घेत, "अरिगातो" म्हणत. झालं.

मी कामाला लागून दोनेक महिने झाले असतील. शेडचं काम घेतलेला एक स्थानिक कंत्राटदार मुदत वाढवून मागायला आला होता. मोरितासानांनी ऐकून घेतलं, मान तिरकी केली, दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाले, "चोत्तो..." पुढे काही नाही. चोत्तो म्हणजे थोडं. मी तसंच सांगितलं, "थोडं, म्हणतायत." कंत्राटदार खूश होऊन बाहेर पडला. गाड्या लावतात तिथे हनीफभाईंनी त्याला विचारलं, काय झालं. त्याने सांगितलं, थोडी मुदत मिळाली.

"साहेब चोत्तो म्हनले का?"

"व्हय."

"आन् पुढं?"

"पुढं काय न्हाई. गप बसले."

"मग न्हाई म्हनले ते. चोत्तो म्हनून गप बसला की न्हाई आसतं. जा, कामावर मानसं वाढीव."

कंत्राटदाराने मला येऊन विचारलं. मी मोरितासानांना जाऊन विचारलं. हनीफभाईंचं बरोबर होतं. चोत्तोचा अर्थ मला परीक्षेपुरता येत होता, पण समोरच्या माणसाचं गप्प बसणंही मोजायचं असतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला राग आला होता, हे कबूल केलं पाहिजे. कंत्राटदाराचा नाही.

त्यांचा वर्गही होता. शनिवारी दुपारच्या जेवणानंतर पार्किंगच्या पत्र्याखाली अर्धा तास. आधी दोन-तीन ड्रायव्हर असत, मग मशीनवरची मुलं, मग कँटीनच्या बायका यायला लागल्या. हनीफभाई उभे राहून शिकवत नसत. बॉनेटला टेकून एकेकाला काम देत. "तू साहेब. तुझ्या पोटात दुखतंय. सांग." तो 'ओनाका इताई' म्हणे. "आता तू ड्रायव्हर. इचार, कुठं?" 'दोको?' सगळे हसत आणि हसता हसता त्यांना येई. सोनईकडची एक पोरगी कँटीनला होती. ती सुरुवातीला साहेबांना ताट देताना बावरून जायची. महिन्याभरात ती 'दोझो' म्हणून ताट पुढे करायला लागली आणि साहेब वाकून घ्यायला लागले.

मग कुणीतरी वर सांगितलं की ड्रायव्हर चुकीचं जपानी शिकवतो. एचआरच्या साहेबांनी हनीफभाईंच्या वहीतल्या शब्दांच्या यादीची एक प्रत माझ्याकडे दिली. "तपासून द्या, मॅडम. तुम्ही तज्ज्ञ."

मी तपासून दिली. लाल शाईने. तोमेते म्हणजे 'थांबव', ते उद्धट आहे. मात्ते म्हणजे 'थांब', ते लहान मुलाला म्हणतात. उच्चार आखूड, क्रियापदं अर्धी. मी लिहिलं त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं. खाली शेरा दिला की अशा शिकवणीने चुकीच्या सवयी लागण्याचा संभव आहे. पुढच्या शनिवारी वर्ग बंद झाला. त्याऐवजी मोबाईलवर बघायचा एक अभ्यासक्रम आला. तो बहुतेकांनी पहिल्या धड्यापुढे उघडला नाही.

हनीफभाई सोमवारी संध्याकाळी माझ्या टेबलापाशी आले. हातात तोच लाल झालेला कागद.

"मॅडम, चुकलंय कुठं ते कळलं. का चुकलं ते लिवलं न्हाई तुमी."

मला वाटलं भांडतील. ते खुर्ची ओढून बसले. मी समजावलं, की नुसतं तोमेते म्हटलं की 'ए, थांबव' होतं, पुढे 'कुदासाइ' लावलं तर 'कृपया थांबवा' होतं.

"म्हंजे येवढी वर्सं आमी साहेब लोकांना ए-बे करीत हुतो?"

"जवळपास."

"आन् एकानंबी सांगितलं न्हाई." त्यांनी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. "भली मानसं हायेत." मग पेन्सिल काढून त्यांनी प्रत्येक शब्दापुढे ते लावलं. दोनच दिवसांनी त्याचीही रीत बसली होती. ते नव्या ड्रायव्हरला सांगत होते, "शेवटी साईंचं नाव घ्यायचं. कुदा-साई. शिर्डी आपल्याच जिल्ह्यात हाय. शेवटाला साई म्हनलं की हुकूम ऱ्हात न्हाई, इनंती हुते."

वर्ग बंद झाल्याबद्दल ते मला काही बोलले नाहीत. मीही विषय काढला नाही. सकाळी आरशात बघून ओहायो गोझाइमास चालूच राहिलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती दुपार आली. मोरितासानांना पुण्याहून विमान होतं, दहा दिवसांसाठी घरी. जेवून ते निघाले. मी ऑफिसात होते. पाऊण वाजता हनीफभाईंचा फोन आला.

"मॅडम, जरा साहेबांशी बोला. मला ठीक वाटंना."

गाडी नारायणगव्हाणच्या पुढे बाजूला घेतलेली होती. फोन मोरितासानांकडे गेला. ते नेहमीच्या सावकाश, पूर्ण वाक्यांत बोलले. दुपारचं जेवण थोडं जड झालं आहे, काळजीचं कारण नाही, त्रास दिल्याबद्दल क्षमस्व, विमान चुकता कामा नये. दाइजोबु. ठीक आहे. मी हनीफभाईंना हे शब्दशः सांगितलं.

"तसं म्हनले व्हय. पन त्यांनी बूट काढलेत, मॅडम. गाडीत मोरितासानसाहेब कधी बूट काढत न्हाईत. आन् मी बोलतोय तर हाई म्हनंनात."

"हनीफभाई, ते स्पष्ट सांगतायत, पुढे चला म्हणून."

"तुमी त्यांचं बोलनं ऐकलं. मी तोंड बघतोय."

"विमान चुकलं तर जबाबदारी कुणाची?"

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला. मी कामाला लागले. मला वाटलं, ते पुण्याकडे निघाले.

पुढचं मला नंतर त्यांच्याकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. फोन ठेवून ते खाली उतरले, मागचं दार उघडून मोरितासानांपुढे उकिडवे बसले. "इताई? दोको?" मोरितासान म्हणाले, दाइजोबु. हनीफभाईंनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "ओनाका?" नाही. डोक्यावर ठेवला. "आतामा?" नाही. मग छातीवर ठेवला. छातीचा शब्द त्यांना येत नव्हता, म्हणून नुसता हात ठेवून बघत राहिले. मोरितासानांनी नजर खाली घातली.

"चोत्तो..." ते म्हणाले.

"आन् गप झाले, मॅडम. मग मी इचारलं, हिदारी? तर त्यांनी डावा हात उजव्या हातानं धरला. माझा थोरला भाऊ आसाच हात धरून बसला हुता. आमी त्याला सोडा पाजला." भावाचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

त्यांनी गाडी नगरकडे वळवली. मोरितासान मागून म्हणत होते, एअरपोर्ट, एअरपोर्ट. हनीफभाई म्हणत होते, "ब्योइन. दवाखाना. सुमिमासेन, साहेब. सुमिमासेन." त्या रस्त्यावर त्यांनी किती वेळा माफी मागितली त्याचा हिशेब नाही, पण गाडी थांबवली नाही. सुपा ओलांडताना त्यांनी मला पुन्हा फोन केला.

"मॅडम, मी गाडी वळवलीय. नगरला दवाखान्यात नेतोय. सांगून ठिवतो, पुन्हा म्हनू नका न सांगता नेलं."

मी काय बोलले ते मला आठवतं. इथे लिहिण्यासारखं नाही.

मी दुसऱ्या गाडीने पोचले तेव्हा मोरितासानांना आत नेलं होतं. डॉक्टर तरुण होते. ते म्हणाले, झटका मोठा होता, वेळेत आणलं. दुखणं कधी सुरू झालं हे त्यांना हवं होतं आणि ते हनीफभाईंनी मिळवून दिलं होतं. 'नान्जी?' असं विचारून, मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून. मोरितासानांनी साडेअकरा दाखवले होते. म्हणजे जेवणाच्या आधीपासून ते छाती दाबून बसले होते आणि कारखान्यात आमच्यापैकी कुणालाही कळलं नव्हतं. जेवताना मी त्यांच्या शेजारीच होते.

भरतीच्या कागदावर पेशंटशी नातं असा रकाना होता. त्यात 'ड्रायव्हर' लिहिलेलं होतं आणि खाली हनीफभाईंची सही.

हनीफभाई बाहेरच्या बाकावर बसले होते. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेले मोरितासानांचे बूट. मला बघून ते उठले.

"आता तुमी बोला. ह्याच्या पुढचे शब्द माझ्याकडं न्हाईत."

मी आत जाऊन बोलले. संमतीचे कागद, घरी फोन, मोरितासानांच्या पत्नीच्या प्रश्नांची उत्तरं. माझी सगळी जपानी त्या रात्रीपर्यंत कामाला आली. ती चांगली होती. तिची गरज लागेपर्यंत माणूस जिवंत ठेवायचं काम दुसऱ्या जपानीने केलं होतं, एवढंच.

परवानगीशिवाय मार्ग बदलला म्हणून ठेकेदाराने हनीफभाईंकडून खुलासा लिहून घेतला. तो लिहायला त्यांनी मला बसवलं. मी त्यात लिहिलं की दुभाष्याने पुढे जायला सांगितलं होतं आणि दुभाष्याचं चुकलं. ते म्हणाले, "हे कशाला?" मी म्हटलं, खरं आहे म्हणून. कारखान्याच्या प्रमुखांनी तो कागद वाचला आणि प्रकरण तिथेच मिटलं. शनिवारचा वर्ग पुन्हा सुरू करा असं वरून सांगण्यात आलं. हनीफभाई म्हणाले, मॅडम शिकवतील, मी बसतो. मी शिकवायला लागले, त्यांच्याच यादीने. ते मागे बॉनेटला टेकून उभे असत. मी काही सांगितलं की सगळे आधी वळून त्यांच्याकडे बघत आणि त्यांनी मान हलवली की वहीत लिहीत.

मोरितासान बरे होऊन जपानला गेले. पुढे दीड-दोन वर्षं हनीफभाई गाडी चालवत होते. मग एके दिवशी सकाळी त्यांनी किल्ली सुपरवायझरच्या टेबलावर ठेवली. साखर डोळ्यांत उतरली होती. डॉक्टरांनी अजून गाडी बंद करा म्हटलं नव्हतं. सुपरवायझर म्हणाला, मग घाई काय आहे? हनीफभाईंनी सांगितलं, "समोरचा मानूस दिसतो. त्याचं तोंड दिसत न्हाई. आशानं मानसं नेऊ नयेत."

गेल्या हिवाळ्यात मोरितासान आले. कारखान्याच्या कामाला नाही, ते आता निवृत्त झाले होते. एका दिवसासाठी सुप्याला आले आणि म्हणाले, तांबोळीसानांच्या घरी जायचं आहे. पुण्याच्या एका कंपनीची मोठी गाडी होती, चालक नवा. मी दुभाषी म्हणून बरोबर.

पारनेरात हनीफभाईंचं घर अरुंद बोळात आहे. गाडी कशीबशी आत गेली. ते दारात उभे होते. चष्मा जाड झाला होता, दाढी पूर्ण पांढरी. मोरितासान वाकले, हनीफभाई छातीवर हात ठेवून वाकले. मोरितासान सरळ झाले तर हनीफभाई अजून वाकलेले, म्हणून ते पुन्हा वाकले. असं तीन-चार वेळा झालं. शेवटी त्यांच्या पत्नी, नजमाभाभी, आतून म्हणाल्या, "बसू द्या की त्यांना."

भाभींनी हुलग्याचे शेंगोळे केले होते, बिनतेलाचे, पेशंट येणार म्हणून. पिठाच्या वळलेल्या बोटभर वळ्या, लसणाच्या रश्श्यात. मोरितासानांनी वाटी तोंडाला लावून सुर्र आवाज करत संपवली आणि पुन्हा पुढे केली. त्यांच्याकडे असंच करतात, असं मी सांगायला गेले. भाभी म्हणाल्या, "आमच्यातबी आसंच करत्यात, लोक नसले की."

तासभर आम्ही तिथे होतो. मी बोलायला तयार होऊन बसले होते. पण मोरितासान विचारत, डोळे? हनीफभाई म्हणत, चोत्तो. हनीफभाई छातीवर हात ठेवत, मोरितासान म्हणत, दाइजोबु, आणि या वेळी हनीफभाई चष्मा वर करून, अगदी जवळ जाऊन त्यांचं तोंड न्याहाळत आणि मग मान हलवत. मी दुसरी वाटी शेंगोळे खाल्ले.

निघताना पंचाईत झाली. बोळात गाडी वळायला जागा नव्हती, उलटी काढावी लागणार होती. दोन्ही बाजूंना ओटे, एका बाजूला उघडं गटार. चालक घाबरला होता. हनीफभाई मागे जाऊन उभे राहिले आणि हात हलवून ओरडायला लागले, "येऊ द्या, येऊ द्या." त्यांना गटार दिसतंय की नाही, मला शंका होती. मोरितासानांनाही असावी, कारण ते गाडीत न बसता त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि तेही हात हलवायला लागले.

"ओराई! ओराई!"

हनीफभाई थांबले. "मॅडम, हे काय?"

"गाडी मागे घेताना म्हणतात. इंग्रजी 'ऑल राईट'चं जपानी झालंय."

"ओराई," त्यांनी म्हणून बघितलं. मग मोठ्याने, "ओराई! ओराई!" दोघे म्हातारे शेजारी शेजारी, एक पाऊल मागे, पुन्हा एक पाऊल मागे. शेजारच्या बायका ओट्यावर आल्या होत्या. मधेच मोरितासानांनी हनीफभाईंची कोपर धरून त्यांना गटारापासून आत ओढलं. हनीफभाईंनी हात हलवणं सोडलं नाही.

गाडी रस्त्याला लागली. मोरितासान येऊन माझ्याशेजारी बसले आणि त्यांनी काच खाली केली. चालकाने गिअर बदलला. मी मागे वळून बघितलं. हनीफभाई बोळाच्या तोंडाशी उभे होते, मान किंचित पुढे, आवाजाच्या दिशेने. त्यांचा हात अजून तसाच, आत बोलावल्यासारखा हलत होता. येऊ द्या, येऊ द्या. गाडी केव्हाच पुढे निघाली होती.